स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी

प्रश्न : माझे माहेर कराड, सासर तासगाव. लग्न हिंदू पद्धतीने झाले. दोन वर्षांपासून माहेरी आहे. गेल्या वर्षी पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर सोडचिठ्ठी झाली. त्यात ‘पोटगी मागणार नाही’ असे आहे. आता घरचे दुसरे स्थळ पाहताहेत. माझा घटस्फोट झाला ना? — एक भगिनी

उत्तर : ताई, घटस्फोट अजून झालेला नाही. नोटरीचा शिक्का फक्त सह्या तुमच्याच आहेत एवढे सांगतो. लग्न मोडण्याचा अधिकार न्यायालयाचा. काही समाजांत रूढीने काडीमोड होतो, कायदाही तो मानतो; पण ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. म्हणून हुकूमनामा हाती येईपर्यंत दुसरे लग्न करू नका. ते रद्दबातल ठरेल, शिवाय गुन्हाही होईल.

तो कागद मात्र फाडू नका. वेगळे राहत असल्याचा तो पुरावा आहे. पोटगीच्या त्या ओळीने घाबरू नका. अशा लिखाणाने पोटगी मागण्याची वाट सहसा बंद होत नाही.

दोघे राजी असाल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली संमतीने अर्ज करा. अर्जानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. पती राजी नसतील तर सबळ कारण दाखवून तुम्ही एकट्याही दावा लावू शकता, तोही सातारा जिल्ह्यातच. दर तारखेला सांगलीला खेटे घालायला नकोत.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर सातारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना लग्नपत्रिका, फोटो, आधार कार्ड, तो स्टॅम्प पेपर आणि सासरी राहिलेल्या दागिन्यांची यादी न्या. कोऱ्या कागदावर सही मात्र कुणालाच देऊ नका.