काकड आरती आली, दीपोत्सव गळाला

प्रश्न : आमचे लहानसे भजन मंडळ आहे. वर्षभराचे कार्यक्रम मी गूगल कॅलेंडरमध्ये टाकून ठेवतो. पुण्याच्या भाच्याने संगणकावर एक सोय करून दिली आहे. बटण दाबले की चौकट उघडते, त्यात ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा निवडायच्या, की मधल्या कार्यक्रमांची यादी गूगल शीटमध्ये उतरते. काकड्यासाठी मी 7 ऑक्टोबर ते 5 नोव्हेंबर 2025 असे टाकले. यादीत पहिल्या दिवसाची काकड आरती नाही. शेवटच्या दिवसाची आहे, पण त्याच संध्याकाळचा त्रिपुरी पौर्णिमेचा दीपोत्सव नाही! कॅलेंडर उघडले तर सगळे जागच्या जागी दिसते. हा काय प्रकार आहे?
— एक वाचक, घमापूर, जबलपूर

उत्तर : आपण आरतीची वेळ लिहिलेली नाही. पण ती पहाटे साडेचारच्या आसपास सुरू होऊन साडेपाचच्या आत आटोपत असणार, हे मी पैजेवर सांगतो. आपल्या यादीतल्या तिन्ही गोष्टी त्या साडेपाचांपाशीच अडकल्या आहेत.

भाच्याने ही सोय ॲप्स स्क्रिप्टमध्ये केलेली दिसते. त्याची भाषा जावास्क्रिप्ट. चौकटीतून तारीख बाहेर पडते ती 2025-10-07 अशी, नुसती. आपल्या लेखी 7 ऑक्टोबर म्हणजे अख्खा दिवस. यंत्राला मात्र एक नेमका क्षण हवा असतो. वेळ दिलेली नसली की ते मध्यरात्रीचे बारा धरते. इथवर ठीक. पण जावास्क्रिप्टचा नियम असा, की नुसती तारीख आली तर ती मध्यरात्र भारताची नव्हे, जागतिक प्रमाणवेळेची, म्हणजे यूटीसीची समजायची. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर बांधलेली आहे. पंधरा अंशाला एक तास या हिशेबाने आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे आपण मागितलेली यादी प्रत्यक्षात 7 ऑक्टोबरच्या पहाटे साडेपाचला सुरू झाली आणि 5 नोव्हेंबरच्या पहाटे साडेपाचला संपली. पहिली आरती त्याआधीच उरकली होती, ती सुटली. शेवटची आरती वेळेत बसली. दीपोत्सवाची संध्याकाळ अजून बारा-तेरा तास लांब होती. (तारखेपुढे वेळ लिहिली, पण देश सांगितला नाही, तर हीच भाषा ती वेळ स्थानिक धरते. हा भेदभाव कोणाला सुचला देव जाणे.)

भाच्याला सांगा, तारखेपुढे मध्यरात्रीची वेळ आणि शेवटी +05:30 जोडायचे. स्क्रिप्टच्या सेटिंगमध्ये टाइम झोन ‘एशिया/कोलकाता’ आहे ना, तेही एकदा पाहून घ्यायला सांगा. वर्ष, महिना, दिवस असे सुटे आकडे देऊनही तारीख बनवता येते. मात्र तिथे महिने शून्यापासून मोजतात, तेव्हा ऑक्टोबरसाठी 9 लिहावे लागेल.

एवढे करूनही दीपोत्सव येणार नाही! ‘पर्यंत’ची तारीख त्या दिवसाच्या आरंभी, रात्री बाराच्या ठोक्याला संपते. 5 नोव्हेंबरचा पूर्ण दिवस हवा तर 6 नोव्हेंबर मागायला हवी. शेवट धरायचा नाही, ही या क्षेत्रातली जुनी रूढी आहे. कॅलेंडरची देवाणघेवाण ज्या आयकॅलेंडर नावाच्या मानकाने होते, त्यात 1998 पासून हेच चालत आले आहे. 18 ते 21 तारखेचा दिवसभराचा उत्सव आपण नोंदवला, तर आतल्या कागदपत्रांत त्याची समाप्ती 22 अशी असते. भाच्याने वापरकर्त्याकडून तारीख घेतल्यावर आतल्या आत एक दिवस वाढवावा. एकेक दिवस पुढची तारीख लक्षात ठेवण्याचा भार आपल्यावर कशाला?

दुरुस्ती झाली की एक नवा पाहुणा मात्र येईल. कोजागरीचा कार्यक्रम 6 ऑक्टोबरला रात्री सुरू होऊन साडेबाराला संपला असेल, तर तो 7 तारखेच्या यादीत दिसेल. ती चूक नव्हे. यंत्र कार्यक्रमाची सुरुवात कोणत्या तारखेला झाली हे पाहत नाही. कार्यक्रम यादीच्या शेवटाआधी सुरू होतो का आणि यादीच्या आरंभानंतर संपतो का, एवढेच ते तपासते. दोन्ही उत्तरे ‘हो’ आली, की तो आत.

तिथी कॅलेंडरमध्ये टाकायची तर हाच नियम सोयीचा ठरतो. जबलपूरच्या मराठी घरांत भिंतीवर ‘कालनिर्णय’ असते आणि शेजारी गावातच निघणारे लाला रामस्वरूपांचे पंचांग. 2025 मध्ये आश्विन अमावास्या 20 ऑक्टोबरला दुपारी पावणेचारच्या सुमारास लागली आणि 21 ला संध्याकाळी सहाच्या थोडे आधी संपली. उत्तरेत बहुतेक ठिकाणी लक्ष्मीपूजन 20 ला झाले, महाराष्ट्रात 21 ला. अमावास्या लागण्या-सुटण्याच्या वेळांसह नोंदवून ठेवली, तर ती दोन्ही दिवसांच्या यादीत येईल. पूजन कधी करायचे तो वाद घरात मिटवावा; त्यात सॉफ्टवेअरला ओढू नये.

महिन्याच्या नावाने यादी मागण्याच्या फंदात मात्र पडू नका. आपला कार्तिक दिवाळीच्या पाडव्याला लागतो, हिंदीभाषी शेजाऱ्यांचा त्याच्या पंधरवडाभर आधी, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. आपला काकडा कोजागरीनंतर सुरू होऊन त्रिपुरी पौर्णिमेला आटोपतो, म्हणजे जवळजवळ त्यांच्या कार्तिकाएवढा. दिवस तेच, पण आपल्या पंचांगाप्रमाणे त्यातला निम्मा भाग आश्विनात पडतो.

भाचा पुढेमागे ॲप्स स्क्रिप्ट सोडून थेट गूगलच्या एपीआयकडे वळला, तर दोन गोष्टी त्याच्या कानावर घाला. रोजची आरती ‘दररोज’ अशी एकदाच नोंदवलेली असते. एपीआयला तिचे सुटे सुटे दिवस करून मागितले नाहीत, तर तीस आरत्यांऐवजी ती एकच मूळ नोंद हाती येते. आणि एका खेपेला, वेगळे सांगितले नाही तर, जास्तीत जास्त 250 नोंदी मिळतात. वर्षाची यादी मागितली तर पुढच्या पानाची खूण घेऊन पुन्हा विचारावे लागते.

एक शेवटचे. काकड्याला ‘दर वर्षी’ अशी खूण करून ठेवली असेल तर काढून टाका. कॅलेंडरला इंग्रजी तारीख कळते, तिथी कळत नाही. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे कोजागरी 25 ऑक्टोबरला आणि त्रिपुरी पौर्णिमा 24 नोव्हेंबरला आहे. भाच्याने दुरुस्ती केलेली नसेल, तर 26 ऑक्टोबरच्या काकड्यासाठी ‘पासून’मध्ये 25 ऑक्टोबर टाका आणि ‘पर्यंत’मध्ये 25 नोव्हेंबर.