पानगळ

तुम्ही उन्हाळ्यात सागाचे झाड पाहिले आहे का? त्याच्या फांद्या उघड्या दिसतात. आपल्याला वाटते, वाऱ्याने पाने पाडली. पण झाड स्वतःच आपली पाने गाळते.

पानांतून सतत पाण्याची वाफ बाहेर पडते. पावसाळा संपला की जमिनीतील पाणी कमी होत जाते. अशा वेळी सारी पाने ठेवली, तर झाड वाळून जाईल. म्हणून ते पानांतील उपयोगी द्रव्ये परत ओढून घेते आणि पाने सोडून देते.

हे काम सोपे नाही. वनस्पतींच्या पेशींच्या भिंती मुख्यतः सेल्युलोजच्या असतात. कापसाचा चिवट धागाही सेल्युलोजचाच. ग्लुकोजचे कण साखळीसारखे जोडले जाऊन सेल्युलोज बनते. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो. तेथे सेल्युलेज नावाचे विकर तयार होते. ते कात्रीप्रमाणे या साखळ्या तोडते. दुसरे एक विकर पेशींना जोडणारा चिकट पदार्थ विरघळवते. देठ सैल होतो. मग वाऱ्याची झुळूकही पुरते. झाडाच्या जखमेवर बुचासारखा थर येतो.

आता मोडून वाळलेली फांदी पाहा. तिची पाने सुकतात, पण बरेच दिवस गळत नाहीत. कारण विकर तयार करायला जिवंत पेशी लागतात. पाने गाळण्याचे काम जिवंत झाडच करू शकते.

शब्दार्थ : विकर – एन्झाइम, चिवट – सहज न तुटणारा, देठ – डंठल.

स्वाध्याय : मोडलेल्या फांदीची पाने लवकर का गळत नाहीत?