थकलेली उधारी आणि अडवून ठेवलेला माल : हिशेब कसा मांडावा?

उधारीवाचून व्यापार चालत नाही आणि थकबाकीवाचून उधारी राहत नाही. थकलेल्या येण्यापोटी गिऱ्हाइकाचा माल आपल्या वखारीत असला म्हणजे व्यापारी निर्धास्त होतो आणि तेथूनच हिशेब चुकण्यास आरंभ होतो. कोणी तो माल आपल्याच शिलकी मालात धरतो, तर कोणी सारे येणे सुरक्षित समजून एका पैशाचीही तरतूद करीत नाही. ह्या दोन्ही रीती सदोष आहेत. योग्य रीत कोणती, ते आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

आपले येणे फिटेपर्यंत दुसऱ्याचा माल ताब्यात ठेवण्याच्या हक्कास धारणाधिकार म्हणतात. बाजारात ‘लिएन’ हा शब्द रूढ आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या ४७ व्या कलमान्वये, किंमत न मिळालेल्या विक्रेत्यास तीन प्रसंगी हा हक्क मिळतो : उधारीचा करारच नसल्यास, उधारीची मुदत संपल्यास, अथवा खरेदीदार नादार झाल्यास. खरेदीदाराने माल रीतसर ताब्यात घेतला की हा हक्क संपतो. काही भागच दिला असल्यास उरलेल्या मालावर तो सामान्यतः टिकतो.

परंतु ताबा म्हणजे मालकी नव्हे. विक्री पुरी होऊन मालकी खरेदीदाराकडे गेली असल्यास तो माल आपल्या साठ्यात धरू नये. धरल्यास एकच माल येण्यातही मोजला जातो आणि साठ्यातही, व नफा फुगतो. अशा मालाची नोंद वखारीच्या वहीत स्वतंत्र पानावर, पक्षाचे नाव, तारीख व नग लिहून ठेवावी.

आता उदाहरण घेऊ. समजा, ६०,००० रुपयांचा माल विकला, १०,००० मिळाले, बाकीची मुदत टळली आणि माल आपल्याच वखारीत राहिला. ३१ मार्च रोजी त्या मालाचा बाजारभाव ३५,००० व विक्रीचा खर्च २,००० आहे. म्हणजे मालाने सुरक्षित झालेले येणे ३३,००० होय. गिऱ्हाइकाकडून अन्य वसुलीची आशा नसल्यास उरलेल्या १७,००० ची तरतूद करावी : नफातोटा खाते नावे, संशयित येणे तरतूद खाते जमा. गिऱ्हाइकाच्या खात्यावरील ५०,००० मात्र तसेच राहू द्यावेत, कारण तरतूद म्हणजे माफी नव्हे.

पुढे नोटीस देऊन, वाजवी मुदत थांबून, माल ३६,००० ला विकला आणि खर्च २,००० आला, तर ३४,००० गिऱ्हाइकाच्या खाती जमा करावेत. राहिलेले १६,००० खरोखरच बुडाले, तर ते तरतुदीतून वळते करावेत व उरलेले १,००० नफातोटा खात्यास परत जमा करावेत. आयकरात केवळ तरतुदीची वजावट सामान्य व्यापाऱ्यास मिळत नाही. येणे वहीत प्रत्यक्ष बुडीत लिहावे लागते, हे ध्यानी ठेवावे.

ह्या नोटिशीचे महत्त्व मोठे आहे. माल नाशवंत नसता, व करारात फेरविक्रीचा हक्क राखलेला नसता, नोटिशीवाचून तो विकला, तर ५४ व्या कलमान्वये तूट मागता येत नाही आणि नफा झाल्यास तो खरेदीदारास द्यावा लागतो. म्हणून नोटिशीची प्रत व पोच खात्याच्या कागदांतच ठेवावी.

रंगारी किंवा दुरुस्ती करणारा कारागीर ह्यांचा हक्क १८७२ च्या करार कायद्याच्या १७० व्या कलमाचा. तो माल अडवू देतो, विकू देत नाही. तेव्हा तेथे मालाची किंमत हाती आल्यासारखी धरू नये. गहाणाचे तसे नाही. १७६ व्या कलमान्वये वाजवी नोटीस देऊन गहाण माल विकता येतो. मात्र येणे फिटून उरलेली रक्कम गहाण ठेवणाऱ्याची असते. ती आपल्या नफ्यात न धरता त्याचे देणे म्हणून दाखवावी.

शेवटी मुदतीविषयी. उधारीची मुदत संपल्यापासून सामान्यतः तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. माल वखारीत आहे एवढ्याने ती मुदत वाढत नाही. मुदतीच्या आत ऋणकोची सही असलेली लेखी कबुली मिळाल्यास मात्र नवी मुदत सुरू होते. म्हणून दरवर्षी खातेउतारा पाठवून सही घेण्याचा परिपाठ ठेवावा.

ताळेबंद पाहूनच भागीदार नफा वाटून घेतात आणि कर्ता पुरुष गेल्यावर घरची मंडळी त्याच कागदावर विसंबतात. नसलेला नफा वाटला गेला, तर तो अखेर भांडवलातूनच भरून द्यावा लागतो. सभासद बंधूंनी ह्या वर्षअखेरीस आपल्या वखारीतील अडवलेला माल आणि वहीतील येणे एकदा समोरासमोर ठेवून ताडून पाहावे, एवढीच आमची विनंती.