‘ॲम्बिशस’ : अर्ज, मुलाखत आणि पालकांच्या अपेक्षा

‘ॲम्बिशस’ हे इंग्रजी विशेषण माणसालाही लागते आणि कामालाही. मात्र दोन्हीकडे त्याची छटा वेगळी असते. बायोडेटा, परदेशी विद्यापीठांसाठीचे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ आणि मुलाखत या तिन्ही ठिकाणी विद्यार्थी ते सर्रास वापरतात. म्हणूनच ते नेमके समजून घ्यायला हवे. उच्चारताना जोर ‘बि’ या अक्षरावर येतो.

अर्थ आणि छटा

हा शब्द लॅटिनमधून आला. प्राचीन रोममध्ये निवडणुकीचे उमेदवार मते मागत लोकांमध्ये फिरत. त्या फिरण्याला ‘अँबिटिओ’ म्हणत. त्यातून सत्तेची हाव असाही अर्थ या शब्दाला चिकटला. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ नाटकात ब्रूटस सीझरच्या हत्येचे समर्थन करताना त्याच्या महत्त्वाकांक्षेकडेच बोट दाखवतो. आज हा शब्द बहुतेक वेळा कौतुकाचा असला, तरी ‘स्वतःपुरते पाहणारा’ ही जुनी छटा पुरती गेलेली नाही.

कामाच्या बाबतीत अर्थ बदलतो. मराठी वर्तमानपत्रांत ‘महत्त्वाकांक्षी प्रकल्प’ हा बहुधा गौरव असतो. इंग्रजीत ‘ॲम्बिशस प्लॅन’ म्हणजे मोठा, पण पार पाडायला अवघड बेत. प्रकल्पाच्या आराखड्यावर मार्गदर्शकाने असा शेरा दिला, तर हाताशी असलेल्या वेळेच्या मानाने आवाका जास्त आहे, अशी ती सूचना असू शकते. ‘ओव्हरॲम्बिशस’ हा तर उघड दोष.

जवळचे शब्द

‘ॲस्पायरिंग’ हे विशेषण नामाआधी येते आणि ते पद अजून मिळालेले नाही, असे सांगते. ‘ॲस्पायरिंग इंजिनिअर’ म्हणजे इंजिनिअर होऊ पाहणारा. पदवी घेऊन नोकरी करणाऱ्याने ते स्वतःला लावले, तर मिळवलेले यश तोच कमी करून सांगतो. ‘ॲस्पिरेशनल’चा संबंध वरच्या पायरीवर जाण्याच्या इच्छेशी आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मागास जिल्ह्यांसाठी सुरू केलेल्या कार्यक्रमाच्या नावात हाच शब्द आहे. मराठीत त्यांना ‘आकांक्षित जिल्हे’ म्हणतात. नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव हे महाराष्ट्रातील जिल्हे त्यात आहेत.

अर्जात आणि मुलाखतीत

‘आय ॲम अ हार्डवर्किंग अँड ॲम्बिशस स्टुडंट’ हे वाक्य असंख्य अर्जांत असते. त्यातून अर्जदाराला काय हवे आहे आणि त्यासाठी त्याने काय केले, यांपैकी काहीच कळत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीत प्रशिक्षण घेतलेल्या मेकॅनिकल डिप्लोमाच्या विद्यार्थिनीने त्याऐवजी असे लिहावे : ‘प्रशिक्षणात ओतकामातील दोषांच्या नोंदी ठेवल्या, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्यावरच केला, आता पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन धातुशास्त्र शिकायचे आहे.’ यात स्वतःची स्तुती करणारे विशेषण एकही नाही, तरी महत्त्वाकांक्षा स्पष्ट दिसते. ध्येय, आतापर्यंतचे काम आणि पुढची पायरी या तीन गोष्टी आल्या की अर्जाला वजन येते.

मुलाखतीत ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?’ या प्रश्नातून हीच गोष्ट तपासली जाते. ‘मॅनेजर व्हायचे आहे’ एवढे उत्तर पदाची इच्छा सांगते. कोणते कौशल्य शिकायचे आणि कोणती जबाबदारी पेलायची, हे सांगणारे उत्तर तयारी दाखवते.

पालकांसाठी

इंग्रजीत ‘ॲम्बिशस फॉर’ असाही प्रयोग आहे. ‘शी इज ॲम्बिशस फॉर हर सन’ या वाक्यात महत्त्वाकांक्षा आईची आहे. मुलाची आहे की नाही, ते वाक्य सांगत नाही. दहावी-बारावीनंतर शाखा निवडताना नेमका हाच फरक घरोघरी निसटतो. नीट किंवा जेईईची तयारी सुरू करण्याआधी मुलाने स्वतःचे ध्येय स्वतःच्या शब्दांत सांगितले आहे का, हे पाहावे. सांगता येत नसेल, तर घाईने क्लासची फी भरू नये. आधी कल चाचणी, त्या क्षेत्रात काम करणाऱ्यांशी गप्पा आणि शक्य तिथे प्रत्यक्ष कामाची ओळख यांसाठी वेळ द्यावा. आईवडिलांची इच्छा मुलाला बळ देते. पण अभ्यास, परीक्षा आणि पुढची नोकरी हे सारे त्यालाच निभवायचे आहे, म्हणून निवडीतला शेवटचा शब्द त्याचा असू द्यावा.