डोकं दुखतंय? जबडा बघा!

कुंभारीला होस्टेलवर आल्यापासून रोज सकाळी माझी कानशिलं ठणकायची. एम-थ्रीचा पेपर तर अर्धा सोडून उठलो! चष्म्याचा नंबर बरोबर. गोळ्या चालूच. (महिन्यातले १५ दिवस गोळ्या घेत राहिलं, तर त्यांनीच डोकं दुखू लागतं, हे नंतर कळलं.) एकदा कडक भाकरी चावताना कानापुढे 'कट्' वाजलं, तेव्हा रूममेटला घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे गेलो.

"झोपेत दात खातोस का रे?"

रूममेटच म्हणाला, "सर, सबमिशनच्या आठवड्यात करवत चालते!"

कानशिलावर बोटं ठेवून दात आवळा. फुगतो तो जबडा मिटणारा स्नायू. आपल्या मेकॅनिक्समधली तिसऱ्या प्रकारची तरफच ही: टेकू कानापुढचा सांधा, बल मध्ये, भार पुढच्या दातांवर. रात्रभर लोड दिल्यावर स्नायू दुखणारच. आता रात्री नाइट गार्ड लावतो, दिवसा ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवतो. गोळ्यांची स्ट्रिप महिनाभर तशीच आहे.