वेदीपाशी बोलावताना: काय करावे, काय टाळावे

पाळक, सुवार्तिक, गायकवृंद आणि पुढे येणाऱ्यांजवळ बसणारे सोबती यांच्यासाठी.

काय करावे

*सभेआधी*

- पुढे येण्याचे आवाहन करायचे की नाही, हे पाळक आणि पंचांनी मिळून आधी ठरवा. गाणे रंगले एवढ्यावरून ते ठरू नये.
- काही आठवडे आधी घरोघरी प्रार्थनागट सुरू करा. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधले उज्जीवन मुलींच्या प्रार्थनागटांतून उभे राहिले.
- पाहुण्या वक्त्याला आमंत्रण देतानाच आपल्या मंडळीची मर्यादा सांगा; मांडवात पोहोचल्यावर ते बोलणे होत नाही.
- दुभाष्याला आवाहनाचे शब्द आदल्या दिवशी द्या, नाहीतर माणूस भलत्याच गोष्टीला होकार देऊन बसतो.
- सोबती आधी नेमा आणि वर्ग घेऊन तयार करा. स्त्रियांजवळ स्त्रियाच असाव्यात, मुलांजवळ नेहमी दोन मोठी माणसे.
- मंचासमोरच्या वायरी, स्पीकर आणि कुंड्या हलवा; काठी टेकत किंवा मूल कडेवर घेऊन येणाऱ्यालाही वाट हवी.
- आवाहन रात्री नऊच्या आत येईल असा कार्यक्रम आखा. दहाला ध्वनिवर्धक बंद करावाच लागतो आणि घाईत कोणी नीट विचार करत नाही.

*आवाहन करताना*

- कशासाठी बोलावत आहात ते एका वाक्यात सांगा: प्रथमच विश्वास ठेवण्यासाठी, परत फिरण्यासाठी, की केवळ प्रार्थनेसाठी.
- एका सभेत एकच आवाहन करा. आजारी, कर्जबाजारी आणि पश्चात्तापी एकाच रांगेत उभे केले, तर कोणाचेच नीट ऐकले जात नाही.
- पुढे आल्यावर काय होईल ते सगळे आधीच सांगा: कोठे थांबायचे, किती वेळ, कोण बोलणार, नाव लिहून घेणार का.
- जागेवर बसून किंवा घरी जाऊन केलेली प्रार्थनाही देव ऐकतो, हे मंचावरून स्पष्ट म्हणा, आणि मनापासून म्हणा.
- शिष्यपणाची किंमत लपवू नका. लूकच्या १४ व्या अध्यायातला बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो.
- किती कडवी गायची ते गायकवृंदाशी आधी ठरवा, आणि ती संपली की थांबा.
- मध्ये काही क्षण पूर्ण शांतता ठेवा. विचार करायला माणसाला तेवढी तरी जागा मिळते.
- गावाकडच्या लोकांची गाडी थांबेल याची सोय करा. सुवार्तिक बिली ग्रॅहम सभेत बस थांबतील असे आवर्जून सांगत; तुम्ही चालकाशी बोलूनच ते सांगा.
- कोणीही उठले नाही तर आशीर्वाद देऊन सभा संपवा. वचन वाया गेले असे मानू नका.

*पुढे आलेल्या माणसाजवळ*

- आधी नाव विचारा, मग "आज इथे यावेसे का वाटले?" एवढेच विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत बोलू नका.
- तारण, पश्चात्ताप, पवित्रीकरण हे शब्द नव्या माणसाला साध्या भाषेत सांगा.
- डोक्यावर किंवा खांद्यावर हात ठेवण्याआधी परवानगी घ्या. ती मिळाली नाही तर आपले हात जोडून प्रार्थना करा.
- त्याला त्याच्याच शब्दांत प्रार्थना करू द्या. ती अडखळली तरी त्याची आहे.
- सर्वांना दिसेल पण कोणाला ऐकू जाणार नाही, अशा जागी बसा.
- दारू सोडण्याचा निश्चय करून आलेल्याला डॉक्टरकडेही घेऊन जा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले तर झटके येऊ शकतात, आणि हा धोका जिवावरचा आहे.
- जीव द्यावासा वाटतो असे कोणी म्हटले तर त्याला एकटे सोडू नका. त्याच्या विश्वासातल्या माणसाला बोलवा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक स्वतः लावून द्या.
- मुलाने लैंगिक छळाबद्दल सांगितले तर पोलिसांना कळवा, मुलांच्या हेल्पलाइनवर, १०९८ वर, मदत मागा. पॉक्सो कायद्याने कळवणे बंधनकारक आहे, आरोप मंडळीतल्या माणसावर असला तरीही.
- बाकीचे जे कानी पडेल ते तिथेच ठेवा. पाळकांनाही त्या माणसाला विचारूनच सांगा.

*त्यानंतर*

- दोन दिवसांत फोन करा किंवा भेटा. उत्साह ओसरतो तेव्हाच सोबत लागते.
- योहानाचे किंवा मार्काचे शुभवर्तमान हातात द्या, आणि पहिला अध्याय त्याच्याबरोबर बसून वाचा.
- भेटीचा वार ठरवा आणि तो पाळा. लंडनमध्ये पाळक स्पर्जन जिज्ञासूंना भेटण्यासाठी मंगळवार राखून ठेवत.
- त्याला घराजवळच्या मंडळीशी जोडून द्या, ती आपल्या पंथाची नसली तरी.
- नोंदवहीत "पुढे आले" एवढेच लिहा. कोणाच्या अंतःकरणात काय घडले याची नोंद आपल्या हाती नाही.

काय टाळावे

*दडपण*

- "डोळे मिटा, कोणी पाहत नाही, फक्त हात वर करा" म्हणायचे आणि मग हात वर केलेल्यांना पुढे बोलवायचे, हे कधीही करू नका. ही फसवणूक आहे, आणि ज्याच्याशी झाली तो ती विसरत नाही.
- "अजून एक जण आहे, मला दिसतो आहे" असे म्हणत आवाहन लांबवू नका.
- "हे शेवटचे कडवे" असे एकदाच म्हणा. दुसऱ्यांदा म्हटले की ते खोटे ठरते.
- आपलीच माणसे आधी उठवून रांग लावू नका. सोबत्यांनीही पाहुणा पुढे पोहोचेपर्यंत जागचे हलू नये, कारण गर्दी पाहून गर्दी हलते.
- सुवार्तिक मूडी यांचा १८७१ च्या शिकागोतल्या आगीचा प्रसंग सांगून धाक घालू नका. आगीआधी श्रोत्यांना निर्णयासाठी आठवडाभराची मुदत दिल्याचे दुःख त्यांचे स्वतःचे होते, तुमच्या हातातले हत्यार नव्हे.
- "आज रात्री घरी जाताना अपघात झाला तर?" हा प्रश्न सोडून द्या, श्रोत्यांत कोणाच्या घरी तो अपघात झालेला असतो.
- सुवार्तिक फिनी यांनी १८३० च्या सुमारास रूढ केला तसा, सगळ्यांच्या नजरा लागतील असा वेगळा बाक समोर मांडू नका.
- कोणाचे नाव घेऊ नका, बोट दाखवू नका, रांगेतून फिरून खांद्यावर थाप मारू नका.
- नवऱ्याने बायकोला, सासूने सुनेला, आईबापांनी मुलाला कोपराने ढोसू नये. पाळकांनी हे मंचावरूनच थांबवावे.
- बसून राहिलेल्यांना कठोर म्हणू नका. कोणी विचार करत असेल, कोणाचे गुडघे दुखत असतील, कोणी चाळीस वर्षे विश्वासात असेल.
- कीबोर्डवरचा हळवा सूर बोलण्याखाली सतत वाजवत ठेवू नका. डोळ्यांत पाणी आले म्हणजे मन वळले असे नाही.

*मुले*

- व्हीबीएसमध्ये किंवा संडे स्कूलमध्ये नरकाचे वर्णन करून हात वर करायला लावू नका. मूल घाबरून किंवा शिक्षकांना खूश करायला हात वर करते.
- बक्षीस, खाऊ किंवा शाबासकी या निर्णयाला जोडू नका.
- पालकांना न सांगता मुलाचे नाव, पत्ता, फोन लिहून घेऊ नका.

*शरीर आणि आजार*

- कपाळ मागे दाबू नका. पडणे हा आत्म्याच्या कार्याचा पुरावा धरू नका.
- बरे होण्याची हमी देऊ नका, जाहिरातीत तर मुळीच नाही; १९५४ चा चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा अजून लागू आहे.
- इन्सुलिन, फिट्सच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या बंद करायला सांगू नका. प्रार्थना आणि गोळी एकाच दिवशी घेता येतात.
- साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला प्रार्थनेसाठी थांबवू नका. उपचारांपासून अडवणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे.

*बाकीचे*

- पुढे आलेल्यांचे फोटो किंवा व्हिडिओ काढू नका, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. एका फोटोमुळे एखाद्या मुलीचे घराबाहेर पडणे बंद होऊ शकते.
- दुसऱ्यांच्या देव्हाऱ्याबद्दल मंचावरून वाईट बोलू नका; त्या माणसाला आज रात्री त्याच घरी जायचे आहे.
- धान्य, फी, नोकरी किंवा लग्न यांची आशा दाखवू नका. मदत करायची असेल तर ती पुढे न येणाऱ्यालाही द्या.
- त्याच रात्री बाप्तिस्मा देऊ नका. आधी शिकवा आणि घरची परिस्थिती समजून घ्या.
- नव्या माणसाच्या हाती लगेच माइक देऊ नका. भावनेच्या भरात सांगितलेली घरातली गोष्ट परत घेता येत नाही.
- प्रभुभोजनासाठी कठड्यापाशी आलेल्यांना त्याच वेळी वेगळे आवाहन करू नका.
- कॅथलिक, मेथडिस्ट किंवा सीएनआय मंडळीतल्या पाहुण्यांना "नवे विश्वासी" म्हणून मोजू नका.
- त्याच लोकांना दर उज्जीवन सभेत तारणाच्या खात्रीबद्दल पुन्हा शंकेत टाकू नका. त्यांना वर्षभराचे शिक्षण हवे आहे.
- आवाहनानंतर लगेच दानाची पिशवी फिरवू नका.
- किती जण पुढे आले हा आकडा पत्रकात, देणगीदारांच्या पत्रात किंवा पुढच्या सभेच्या फलकावर छापू नका.