छोट्या गावात ट्रेलर लावायचा कुठे?

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त, कॅलगरीत राहतो. ट्रेलर घेऊन सस्कॅचेवानची प्रेअरीतली छोटी गावे पाहायची आहेत. पण तिथे मुक्कामाची सोय नसते म्हणे! – एक वाचक

उत्तर : हा गैरसमज आहे. अनेक गावांत नगरपालिकेचे किंवा रीजनल पार्कचे कॅम्पग्राउंड असते, वीजही बहुधा मिळते. हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. ईस्टएंड या गावी जरूर थांबा. ‘स्कॉटी’ या प्रचंड टी. रेक्स डायनासोरचा सांगाडा १९९१ मध्ये त्याच परिसरात सापडला.

खरी काळजी वाऱ्याची. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (गाडी आणि ट्रेलरच्या जोडावर) येईल असे सामान लावा. मागे वजन जास्त झाले की ट्रेलर डोलू लागतो. वादळाचा इशारा मिळाला तर आत बसून राहू नका, पक्क्या इमारतीत जा. आणखी एक, प्रांताबाहेरच्या ॲम्ब्युलन्सचा खर्च तुमच्या सरकारी आरोग्य योजनेत नसतो, तेव्हा प्रवासविमा निघण्यापूर्वीच काढा.